वर चढणारा स्वर, खाली उतरणारी शिट्टी

बदलापूरच्या दोन खोल्यांत गिटारचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर पूर्ण आवाजात लावणे शक्य नाही. शेजारी दार ठोठावतात. म्हणून त्याची नक्कल करणारी संगणकावरची दोन प्लगइन तपासली. दोन्हींचा आवाज आधी सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो. (लोकल धडधडत जाईपर्यंत थांबावेही लागले.)

मंद्र स्वरांत दोन्ही उत्तम. खरी परीक्षा चोविसाव्या फ्रेटवरच्या, सुमारे १३०० हर्ट्झच्या स्वराची. आवाज मुद्दाम 'फाडला' की मूळ कंप्रतेच्या पटीतली कंपने निर्माण होतात; एकतिसावी पट ४०,३०० हर्ट्झ. पण संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असेल, तर २२,०५० हर्ट्झवरचे कंपन त्याला ओळखता येत नाही. ते ३,८०० हर्ट्झचे सोंग घेऊन परत येते! तार ताणून स्वर १० हर्ट्झ चढवा, ही खोटी शिट्टी ३१० हर्ट्झ उतरते.

पहिल्या प्लगइनमध्ये ती स्पष्ट ऐकू आली. व्हॉल्व्हमध्ये नमुने नसतातच, त्यामुळे हा दोषही नसतो. तेव्हा जाहिरातीतला 'हुबेहूब' हा शब्द इथे खोटा ठरतो. दुसरे प्लगइन आतल्या आत आठपट नमुने घेते, त्यात शिट्टी नाही. मी तेच ठेवले. माझा जुना संगणक मात्र त्याने अडखळतो.