पंचशील आणि कोयता

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 1984 रोजी दिला. परिस्थितिजन्य पुराव्यावर गुन्हा शाबीत करण्याची पाच तत्त्वे त्यात सांगितली आणि त्यांना 'पंचशील' असे नाव दिले. आपल्याला हा शब्द वेगळ्या ठिकाणचा परिचयाचा आहे. त्यातले पहिले शीलच हिंसेपासून दूर राहण्याचे. निकालपत्रही वाङ्मयासारखे वाचावे, असे मला वाटते ते अशा शब्दांमुळे.

पुण्यातल्या एका विवाहितेचा विषाने मृत्यू झाला होता. पतीला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण आत्महत्येची शक्यता खोडून निघाली नव्हती. खुनाखेरीज दुसरी कोणतीही उपपत्ती शिल्लक राहता कामा नये, हे चौथे शील. माझे भांडण या तत्त्वाशी नाही. पण दुसरी उपपत्ती सुचायची कोणाला?

जव्हार-मोखाड्याकडे या. समजा, एखाद्या पाड्यावर खून झाला आणि एका कातकऱ्यावर संशय आला. त्याच्या झोपडीत कोयता सापडला. घटनेनंतर तो गावात नव्हता. कोर्टात विचारले तर नीट उत्तर देत नाही. शहरातल्या वाचकाला साखळी पुरी झालेली दिसते. परंतु या डोंगरात कोयता कमरेला अडकवल्याशिवाय माणूस रानात जात नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोलिसांच्या कागदात त्याला 'फरार' म्हणतात. आणि कोर्टातले मराठी हे त्याच्या घरातले मराठी नव्हे. तिन्ही कड्या त्याच्या रोजच्या जगण्यातून उचललेल्या! हे जगणे ज्याने पाहिले नाही, त्या वकिलाला वा न्यायाधीशाला निर्दोषपणाची उपपत्ती दिसणार कशी? कोयता कुणाचा, हे पंचनामा सांगतो आणि पंच पोलीस आणतात. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले, हे चांगलेच झाले. चित्रात कोयता दिसेल. तसला कोयता घराघरात आहे, हे दिसणार नाही.

मग कसोटी सैल करावी काय? मुळीच नाही, आणि कडक राहिली म्हणून आपले सारे भले होते असेही नाही. 2014 साली खर्ड्यात एका दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी सुटले. तेव्हा आपण संतापलो, तो संताप योग्यच होता. पण तो संशयाच्या फायद्यावर काढणे चूक. साक्षीदार फिरणार हे गावाची सत्ता ओळखणाऱ्या तपास अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी कळायला हवे. फोन, कपडे, रक्त, वाटेवरच्या खुणा तेव्हाच गोळा व्हायला हव्यात. परिस्थितिजन्य पुरावा दुबळ्याचा आधार होऊ शकतो तो इथेच. जिथे माणसाला बोलायची भीती वाटते, तिथे वस्तूला बोलते करता येते.

आपले जे विद्यार्थी आज वकिली शिकत आहेत त्यांनी सारडा निकाल जरूर वाचावा, आणि मग एकदा जव्हारच्या बाजारात उभे राहून लोकांच्या कमरेकडे पाहावे. उलटतपासणीत पंचाला विचारायचा प्रश्न तिथे मिळेल: त्या पाड्यावर आणखी किती घरांत कोयता होता, आणि ती घरे तुम्ही पाहिली का?