डार्विनचा घरगुती कोंबडीसंकर : एक चिकित्सा

चार्ल्स डार्विन यांच्या पाळीव प्राणी व वनस्पतींच्या परिवर्तनावरील ग्रंथातील (१८६८) कोंबड्यांचे प्रकरण हे केवळ वर्गीकरण नव्हे. त्यास घरगुती पैदाशीचे अधिष्ठान आहे. काळा स्पॅनिश कोंबडा व पांढरी सिल्की कोंबडी यांच्या संततीत रेशमी पिसे उतरली नाहीत. एका नरात मात्र रानकोंबड्यासारखा तांबूस पिसारा प्रकटला. अशा पुराव्यांवरून डार्विन सर्व जातींचे मूळ एकट्या तांबड्या रानकोंबड्यात शोधतात. हा निष्कर्ष अपुरा ठरतो. पिवळ्या त्वचेचे जनुक सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये दिसून आले. तथापि प्रकरणाचे मूल्य उणावत नाही. एकाच संकरात जातीचे लक्षण लोपते, हा त्यातील अनुभव दुर्मिळ जाती घरी उबवणाऱ्यांस आजही सावध करतो. जात टिकते ती पाळणाऱ्याच्या निवडीमुळेच.