मराठी रंगभूमीवरील ऑर्गन : संज्ञा, घडण आणि साथ

मराठी संगीत नाटकाविषयीच्या लेखनात ‘ऑर्गन’ हा शब्द वारंवार येतो. परंतु तो कोणत्या वाद्याचा वाचक आहे, याचा खुलासा क्वचितच केलेला आढळतो. युरोपीय संगीताच्या इतिहासात हा शब्द प्रथमतः नळ्यांच्या प्रचंड वाद्याला लागतो. मराठीत मात्र तो पायांनी भाता चालवून वाजवावयाच्या पेटीला रूढ झाला. एका शब्दाच्या छत्राखाली दोन भिन्न वाद्ये आल्यामुळे टीकेतही घोटाळा झाला आहे. कोणी या पेटीला नळ्यांच्या वाद्याची दुबळी प्रतिकृती समजतो, तर कोणी हार्मोनियमची केवळ मोठी आवृत्ती. रंगभूमीवरील तिच्या कार्याचा विचार केल्यास ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

नळ्यांच्या ऑर्गनचे मूळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने सिद्ध केलेल्या जलदाबाच्या वाद्यात सापडते. या वाद्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते, आणि एका जातीच्या नळ्यांची संपूर्ण ओळ एका स्टॉपने, म्हणजे ओढावयाच्या दांडीने, खुली वा बंद केली जाते. ओळींची नावे नळीच्या लांबीवरून पडतात : आठ फुटांची ओळ पट्टीच्या मूळ स्वरात बोलते, सोळा फुटांची एक सप्तक खाली आणि चार फुटांची एक सप्तक वर. वादक ज्या आसनावरून हे सर्व चालवितो तेथे हातांसाठी एकावर एक अशा दोन, तीन किंवा अधिक पट्ट्यांच्या रांगा व पायांसाठी आणखी एक रांग असते. पट्टी जोराने दाबली म्हणून स्वर मोठा होत नाही. नाद बदलतो तो ओळींच्या निवडीने, किंवा काही नळ्या ज्या पेटाऱ्यात ठेवलेल्या असतात त्याची दारे उघडमीट केल्याने. म्हणूनच या वाद्यासाठी लिहिणारा रचनाकार स्वरांबरोबर स्टॉपांचाही विचार करतो. पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चमध्ये कावाये-कॉल याने १८५९ मध्ये उभारलेले वाद्य आणि तेथील वादक सेझार फ्रँक याच्या रचना यांचा संबंध असा अतूट आहे. त्या वाद्याची घडण त्याच्या रचनांत ऐकू येते.

मराठी रंगभूमीवरील ऑर्गनमध्ये नळी नाही. त्यात पितळेच्या मोकळ्या जिभा असतात. पेटी घडविणारे त्यांना ‘सूर’ म्हणतात. या कुलाच्याही दोन शाखा आहेत. पॅरिसच्या दबँ याच्या नावाशी निगडित असलेल्या १८४२ च्या हार्मोनियममध्ये वारा दाबाने सुरांतून बाहेर ढकलला जातो. मेसन अँड हॅम्लिन, एस्टी इत्यादी अमेरिकन कारखान्यांच्या ऑर्गनमध्ये पायांनी चालणारा भाता वारा आत ओढून घेतो. या ओढीमुळे नाद मऊ व गोल होतो. शिवाय भाता पायांकडे गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि गुडघ्यांनी ढकलावयाच्या पट्ट्यांनी नाद लहानमोठा करता येतो. हाताने भाता ओढावयाच्या पेटीला यातील दोन हातांची सोय मुळातच नाही. तेव्हा ऑर्गन ही मोठी हार्मोनियम, हे विधान घडणीच्या कसोटीवर टिकत नाही.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने सुरू झालेल्या परंपरेत नटाला गाणे आणि अभिनय एकाच वेळी सांभाळावा लागे, आणि तोही ध्वनिवर्धकाच्या साहाय्याविना. अशा गायनाला हवा होता तो खंड न पडणारा, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा पण गळ्यावर कुरघोडी न करणारा आधारस्वर. ऑर्गनने तो दिला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात ऑर्गनबरोबर कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला होता, ही गोष्ट टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. ऑर्गनला मींड येत नाही, हे दूषण खरे आहे. पण त्या ताफ्यात मींडेचे काम सारंगीकडे होते. ऑर्गनने पाया धरावा, सारंगीने गळ्याचे वळण न्‌ वळण टिपावे, अशी ही श्रमविभागणी होती. पुढे सारंगी मागे पडली आणि दोन वाद्यांचे काम एकाच्या माथी आले. ज्याला ऑर्गनचा दोष म्हटले जाते, त्याचा बराचसा भाग या रिकाम्या जागेचा दोष आहे.

मराठी वादकांनी या वाद्यातील काय घेतले व काय नाकारले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. त्यांनी अखंड नाद घेतला, दोन हातांचा भरघोसपणा घेतला; परंतु युरोपीय संवादी स्वरमेळाची पद्धती घेतली नाही. दोन्ही हात बहुधा एकच चाल वेगवेगळ्या सप्तकांत वाजवीत, किंवा डावा हात षड्ज-पंचमाचा आधार धरून ठेवी. भाषेतही हेच घडते. भाषा परका शब्द उसना घेते, पण त्याला विभक्तिप्रत्यय आपलेच लावते. ‘ऑर्गनवर’ आणि ‘ऑर्गनची’ म्हणताना मराठीने इंग्रजीचे व्याकरण घेतले नाही; तसेच ऑर्गन वाजविताना मराठी वादकाने फ्रँकचे व्याकरण घेतले नाही. याची किंमतही मोजावी लागली. साथ हेच सर्वस्व मानल्यामुळे ऑर्गनचे स्वतंत्र रचनाभांडार मराठीत निर्माण झाले नाही. हार्मोनियमला गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातून एकलवादनाची प्रतिष्ठा मिळाली. ऑर्गन मात्र नटाच्या पायरीशीच बसून राहिला. पुढील काळात गोविंदराव पटवर्धनांच्या साथीने त्या पायरीचे सामर्थ्य किती आहे हे दाखविले, तरी वाद्याचे स्थान बदलले नाही.

स्वरशुद्धीचा आक्षेप स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. बारा समान अंतरांच्या पट्ट्यांत श्रुती मावत नाहीत, हे जाणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमचा प्रयत्न केला. युरोपातही सोळाव्या-सतराव्या शतकांत काही ऑर्गनांच्या काळ्या पट्ट्या दुभागून जास्तीचे स्वर बसविले गेले होते. दोन्ही प्रयोग मागे पडले, कारण पट्ट्या वाढल्या की हाताची सोय जाते. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दार बंद ठेवले, तरी गायकांनी पेटी सोडली नाही. यावरून आक्षेप खोटा ठरत नाही. परंतु सोय आणि शुद्धी यांतील तडजोड ही पट्ट्यांच्या सर्वच वाद्यांची नियती आहे, केवळ मराठी रंगभूमीची चूक नव्हे, एवढे सिद्ध होते.

या तडजोडीचा खोल ठसा मराठीच्या शब्दसंग्रहावर उमटला आहे. नळीच्या फुटांऐवजी पेटीवाल्यांनी सुरांच्या ओळींना खर्ज, नर, मादी अशी नावे दिली. गायकाची पट्टी सांगताना ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे म्हटले जाते. म्हणजे गळ्याचे मोजमाप पट्टीच्या रंगाने व क्रमाने होते. दिंडोरी, वणी यांसारख्या गावांच्या भजनी मंडळांतही हीच भाषा चालते. मात्र तेथे पोहोचली ती हातपेटी, कारण ती काखेत मारून नेता येते. जड ऑर्गन नाट्यगृहात आणि चर्चमध्ये राहिला. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये व कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये नळ्यांचे ऑर्गन आहेत; पण तेथील नादाचा नाट्यसंगीताच्या ऑर्गनशी नात्यापेक्षा नावाचाच संबंध अधिक आहे.

आज हा संज्ञेचा घोटाळा केवळ कोशापुरता राहिलेला नाही. एस्टीचा कारखाना १९६० मध्ये बंद झाला; जुने ऑर्गन दुरुस्त करणारे हात थोडे उरले. संगीत नाटकाच्या प्रयोगांत त्याची जागा अनेकदा विजेवर चालणारा कीबोर्ड घेतो. त्यावरील ‘ऑर्गन’ नावाचे बटण दाबले असता बहुधा नळ्यांच्या वाद्याचा, किंवा १९३५ पासून प्रचारात आलेल्या हॅमंड ऑर्गनचा नाद निघतो. पितळी सुरांचा तो मऊ, श्वासासारखा कमीजास्त होणारा नाद निघत नाही. नाव तेच राहते आणि वस्तू निसटते. श्रोत्याला पद ओळखीचे वाटते, पण त्याखालचा पाया बदललेला असतो.

म्हणून नाट्यसंगीताच्या अभ्यासकाने ऑर्गन असा मोघम उल्लेख करून पुढे जाणे योग्य नव्हे. सूर कोणते, वारा दाबाचा की ओढीचा, जोडीला सारंगी होती की नव्हती, डावा हात काय करीत होता, या प्रश्नांची उत्तरे जुन्या ध्वनिमुद्रिकांतून व शिल्लक राहिलेल्या वाद्यांतून अजून मिळू शकतात. ती वाद्ये वाजती आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. नाद एकदा गेला की शब्द मागे राहील, आणि पुढचा वाचक त्या शब्दात भलतेच वाद्य ऐकेल.