विद्युत सॉकेटमधील संपर्कपट्टीची रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना

घरगुती विद्युत सुरक्षिततेच्या विवेचनात वायरची जाडी, फ्यूज, एम.सी.बी. आणि अर्थिंग यांना प्राधान्य मिळते. प्लगची पिन ज्या धातूच्या पट्टीत जाऊन बसते, ती संपर्कपट्टी मात्र दुर्लक्षित राहते. नाशिकच्या संदर्भात ही विसंगती विशेष जाणवते. येथील औद्योगिक वसाहतींत मध्यम व्होल्टतेचे स्विचगिअर तयार होते. निर्वात सर्किट ब्रेकरच्या संपर्कांसाठी साधारणतः तांबे व क्रोमिअम यांचे मिश्रण वापरतात आणि त्यांच्यावरील दाब काटेकोरपणे ठरविलेला असतो. तांब्यापितळेच्या भांड्यांची परंपरा असलेल्या या शहराला धातूचे गुणधर्मही अपरिचित नाहीत. तरीही त्याच शहरातील घरासाठी सॉकेट निवडताना दर्शनी पट्टीचा रंग व चकाकी पाहिली जाते. आतील पट्टी कोणीही पाहत नाही. प्रस्तुत लेखात बाजारात '६/१६' या नावाने मिळणाऱ्या संयुक्त सॉकेटच्या रचनेची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

संपर्काचे स्वरूप

दोन धातू एकमेकांस टेकले म्हणजे त्यांचे संपूर्ण पृष्ठभाग जुळतात, हा समज चुकीचा आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांच्या संशोधनानुसार प्रत्यक्ष संपर्क काही सूक्ष्म बिंदूंपुरताच असतो आणि सारा प्रवाह त्या बिंदूंतून आकुंचित होऊन वाहतो. या बिंदूंचे क्षेत्रफळ पट्टीचा दाब व धातूचा कठीणपणा यांवर अवलंबून असते. स्थूलमानाने दाब एक चतुर्थांश झाला की संपर्करोध दुप्पट होतो. त्यावर ऑक्साइडचा थर चढल्यास तो कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजेच सॉकेटचा खरा गुण धातूच्या वजनात नसून टिकून राहणाऱ्या दाबात आहे.

याचा व्यावहारिक अर्थ आकड्यांतून स्पष्ट होतो. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. संपर्करोध १ मिलिओहम असेल तर तेथे ०.०८ वॅटहूनही कमी उष्णता निर्माण होते. तोच रोध ५० मिलिओहम झाला तर ३.८ वॅट उष्णता भिंतीतील बंद पेटीत कोंडली जाते. उष्णतेने पितळेचा ताण शिथिल होतो, दाब घटतो, रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

संयुक्त सॉकेटमधील अंतर्विरोध

भारतातील गोल पिनेचे प्लग ब्रिटनच्या १९३४ मधील बी.एस. ५४६ या मानकातून आले. ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पिनेचा, प्लगमध्येच फ्यूज असलेला प्रकार स्वीकारला. भारतात मात्र गोल पिन कायम राहिली. पूर्वीच्या ५ व १५ अँपिअरच्या जागी ६ व १६ अँपिअर असे निर्देशन आले, तरी दोन आकार तसेच राहिले. लहान प्लगच्या प्रवाहवाहक पिनेचा व्यास सुमारे ५ मि.मी., तर मोठ्या प्लगच्या पिनेचा सुमारे ७ मि.मी. असतो. त्यात मोबाईल चार्जरसारख्या उपकरणांसोबत ४ मि.मी. व्यासाची युरोपीय धाटणीची पिनही आली.

या तिन्ही पिना एकाच छिद्रात सामावून घेण्याचा प्रयत्न काही संयुक्त सॉकेट करतात. ग्राहकाची सोय हा त्यामागील हेतू खरा आहे आणि तो तुच्छ मानता येत नाही. तथापि स्प्रिंगच्या दृष्टीने ही मागणी परस्परविरोधी आहे. ७ मि.मी. पिनेने पट्टी स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे फाकली, तर ती मूळ जागी परतत नाही. मग ५ मि.मी. पिन सैल बसते आणि ४ मि.मी. पिन तर केवळ टेकते. सोय जितकी व्यापक, तितकी पकड क्षीण, असा हा व्यवहार आहे.

मानकाची मर्यादा

भारतीय मानक आय.एस. १२९३ च्या २००५ व २०१९ च्या आवृत्त्यांमुळे या क्षेत्रात शिस्त आली, हे निर्विवाद आहे. आंतरराष्ट्रीय मानक आय.ई.सी. ६०८८४ मध्येही तापमानवाढीची मर्यादा ४५ केल्व्हिन आहे. नाशिकच्या उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअसला ती ८५ अंशांपर्यंत पोहोचते. परंतु अशी कसोटी ठराविक मापाच्या पिनेवर घेतली जाते. घरातील सॉकेटमध्ये सकाळी गिझर, दुपारी इस्त्री व रात्री चार्जर असा मिश्र वापर वर्षानुवर्षे होतो. जाड पिनेच्या दीर्घ वापरानंतर बारीक पिनेची पकड किती उरते, हा प्रश्न कसोटीच्या केंद्रस्थानी यावयास हवा.

'शॉर्टसर्किट' या शब्दाची आड

आगीच्या बातमीत 'शॉर्टसर्किट' हे कारण जवळजवळ ठरलेले असते. या शब्दामुळे सैल संपर्क विचारातून निसटतो. शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि एम.सी.बी. तो तोडते. सैल संपर्कात मात्र प्रवाह वाढत नाही. वरील गिझरचा रोध सुमारे २६ ओहम आहे, त्यात ०.०५ ओहमची भर पडली तर प्रवाहात होणारा बदल अर्ध्या टक्क्याहूनही कमी, तोही घटीच्या दिशेने. त्यामुळे एम.सी.बी.ला या दोषाची चाहूलही लागत नाही. गळती नसल्याने आर.सी.सी.बी.देखील निष्क्रिय राहते. जो दोष संरक्षक साधनांना दिसत नाही, तो मूळ रचनेतच टाळणे क्रमप्राप्त ठरते.

रचनेची दिशा

पितळेची वाहकता तांब्याच्या सुमारे पाव असते. फॉस्फर ब्राँझची त्याहूनही कमी. तरीही फॉस्फर ब्राँझ स्प्रिंग म्हणून पितळेपेक्षा सरस ठरते, कारण येथे निर्णायक गोष्ट दाबाची आहे. प्रवाह वाहणे व दाब देणे ही दोन कामे वेगळी करणे हा अधिक समंजस मार्ग होय : प्रवाहासाठी पितळी पट्टी आणि तिला बाहेरून आवळणारी पोलादी स्प्रिंग. त्याचप्रमाणे प्रत्येक व्यासासाठी स्वतंत्र छिद्र व स्वतंत्र पट्टी असावी. यात जागा व खर्च वाढतो. परंतु हा खर्च दर्शनी पट्टीच्या सजावटीपेक्षा निश्चितच सार्थ आहे.

समारोप

संयुक्त सॉकेटचा दोष निकृष्ट धातूपुरता मर्यादित नाही. एका पट्टीकडून तीन व्यासांची पकड अपेक्षिण्यात तो आहे. उत्तम धातूने तो लांबणीवर पडेल, नाहीसा होणार नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळा व वसतिगृहे येथे अशी सॉकेट मोठ्या प्रमाणावर वापरात असतात. त्यांच्या खरेदीच्या अटींत अँपिअरच्या आकड्याबरोबर संपर्कपट्टीचा धातू व पिनेचा व्यास यांचा उल्लेख झाला, आणि गरम होणारा वा पिन सैल धरणारा सॉकेट दुरुस्तीची वाट न पाहता बदलला गेला, तर या चिकित्सेचा हेतू सफल होईल.