भुलेश्वर : भग्न मूर्तींचा भाव

इंदापूरहून पुण्याकडे येताना यवतजवळ डावीकडे वळावे. डोंगरमाथ्यावर भुलेश्वराचे देऊळ आहे. बाहेरचे घुमट मागाहूनचे. आतील कोरीवकाम यादवकालीन, तेराव्या शतकाच्या सुमाराचे. पार्वतीच्या नृत्याला शंकर भुलला, अशी येथली कथा. बहुतेक मंडळी स्त्रीरूपातील गणेश तेवढा पाहून परततात. हा त्या कलावंतांवर अन्यायच होय. भिंतींवरील कित्येक मूर्तींची मुखे फुटली आहेत, हात तुटले आहेत. तरी कमरेच्या एका बाकात नृत्याची लय अजून जिवंत आहे. भाव चेहऱ्यातच वसतो, हा आपला समज येथे खोटा ठरतो. दिवाळीच्या सुटीत मुलांना अवश्य न्यावे. मात्र ‘मोडकी मूर्ती’ म्हणून त्यांना घाईने पुढे ओढू नये. तिथेच थांबावे.