बंदी ठेक्यावर, गदा कामगारावर

मलकापूरच्या स्टेशनावरून मुंबईची गाडी धरणारी पोरं आपल्याला नवी नाहीत. जुलै 2024 मध्ये मुंबईत कालिन्याला विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी भरती निघाली. जागा दोन हजारांच्या आसपास, आणि लोटलेली गर्दी त्याच्या कितीतरी पट. चेंगराचेंगरीची वेळ आली. त्या रांगेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलाही तरुण होता, हे बातम्यांत आलं. आणि नोकरी कसली? मुदतीच्या करारावरची.

एवढी गर्दी का, हे सगळे विचारतात. मी विचारतो, ही कामं कायम का उरली नाहीत?

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात सरकारला एखाद्या कामातली ठेकेदारी बंद करता येत होती. 9 डिसेंबर 1976 ला केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांत इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण यांत ती बंद केली. आता प्रश्न असा, की बंदीनंतर त्या कामगाराचं काय? 1996 साली एअर इंडियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ठेकेदार मधून गेला म्हणजे कामगार थेट मुख्य मालकाचा. 2001 साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने हे फिरवलं. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. ठेका निव्वळ बनाव ठरला तरच कामगार मालकाचा. नाहीतर पुढे कायम भरती झाली तर प्राधान्य, एवढंच. 1976 ची अधिसूचनाही रद्द झाली.

अक्षराला धरून निकाल चुकला, असं मी म्हणणार नाही. कायद्यात ते वाक्य खरंच नव्हतं. पण परिणाम बघा. कामगाराने बंदी मागायची, आणि बंदी आली की पहिलं त्यानेच घरी जायचं! मग तो मागेल कशाला? बनाव सिद्ध कोण करणार? ज्याची हजेरीच ठेकेदाराच्या वहीत आहे, तो?

दोष एकट्या कोर्टाचा नाही. कायम कामगारांची युनियन पगारवाढीचा करार करते आणि ठेक्यावरच्या माणसाला परका मानते, तिथे ती स्वतःच्याच पायाखालची माती काढते. मुंबईच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम रिफायनरीत कायम कामगारांनीच ठेक्यावरच्या सफाईवाल्यांसाठी वाद उभा केला होता. 1960 साली सुप्रीम कोर्टात ते जिंकले.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी संहिता आली. मुख्य कामात ठेकेदारी नको, असं ती म्हणते. पण आस्थापना त्याच कामासाठी उभी नसेल, तर सफाई, राखण, माल चढवणं-उतरवणं ही मुख्य कामं धरत नाही. विमान कंपनी सरळ म्हणेल, आमचं काम विमान उडवणं, बॅगा उचलणं नव्हे.

म्हणून कायद्यात नाही ते करारात लिहून घ्या. कोणतं काम बाहेर जाणार नाही, ते नाव घेऊन लिहा. बाहेर द्यायचं असेल तर आधी युनियनशी बोलणी. ठेकेदार बदलला तरी माणसं तीच, सेवा सलग आणि पगार कमी नाही. आणि हे कलम फक्त सभासदांपुरतं ठेवू नका. कालिन्याच्या रांगेतल्या आपल्या पोराकडे अजून युनियनची पावती नाही.