दगडातले आख्यान : ब्रिटनीची क्रूसशिल्पे

पश्चिम फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात चर्चच्या आवारात आणि गाववाटांच्या कडेला दगडी क्रूस उभे आहेत. त्यांपैकी काहींच्या चौथऱ्यांवर येशूचे चरित्र शिल्परूपाने साकारले आहे. या ‘काल्व्हेर’ शिल्पांना ‘निरक्षरांचे बायबल’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन सोयीचे असले तरी अपुरे आहे. त्यात शिल्प ग्रंथाचा केवळ पर्याय ठरते आणि ते पाहणारा गावकरी वाचनाला मुकलेला माणूस.

गिमिल्यो येथील काल्व्हेर (१५८१–८८) या समजुतीला छेद देते. तेथील सुमारे दोनशे आकृतींचे प्रसंग कालक्रमाने मांडलेले नाहीत. जन्म, यातना, पुनरुत्थान यांचा क्रम पाहणाऱ्याने चौथऱ्याभोवती फिरत मनाशी जुळवायचा असतो, आणि कथा आधीच ठाऊक असल्याखेरीज ते शक्य नाही. हे शिल्प अजाणत्याला कथा सांगत नाही. जाणत्याला तिची पुनःप्रचीती देते. शिवाय यातील कित्येक माणसे सोळाव्या शतकातील पोशाखात वावरतात, आणि सैतानांनी नरकात ओढून नेलेली लोककथेतील कातेल गोलेतही येथेच भेटते. जेरुसलेम असे गावाच्या शिवेत येते. प्लुगास्तेलचे काल्व्हेर (१६०२–०४) तर १५९८ च्या प्लेगनंतर उभारले गेले. तेथे येशूच्या वेदनेत गावाने स्वतःचे दुःख पाहिले असावे.

याच काळात, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. तेथेही परकी कथा श्रोत्यांच्या परिचित रूपात, मराठी ओवीत अवतरली. मात्र ती नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी नवी होती. म्हणून कवीला सृष्टीच्या उत्पत्तीपासून क्रमाने निवेदन करावे लागले. ब्रिटनीच्या शिल्पकाराला क्रम मोडण्याची मुभा होती, ती त्याच्या प्रेक्षकाच्या स्मृतीने दिलेली होती.

ही स्मृती दुरावल्यावर काय उरते, याचे उत्तर गोगँच्या ‘हिरवा ख्रिस्त’ (१८८९) या चित्रात सापडते. निझोन गावातील शिल्प त्याने समुद्रकिनारी नेले आणि त्याच्या पायथ्याशी एकच शेतकरी स्त्री बसवली. चित्राची थोरवी वादातीत आहे. परंतु त्यात शिल्पाभोवती फिरणारा गाव नाही. आज कथा विसरलेला प्रवासी या चौथऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा प्रसंग ओळखण्यासाठी त्याला छापील माहितीचा आधार घ्यावा लागतो. ‘निरक्षर’ हे विशेषण त्या जुन्या गावकऱ्यापेक्षा त्यालाच अधिक लागू पडते.